लाल डबी, निळी डबी

मार्च संपत आला की धरमपेठेतल्या घरांचे माळे रिकामे होतात. कूलर खाली उतरतात, अंगणात धुतले जातात आणि गेल्या वर्षीच्या वाळ्याच्या ताट्यांचा काळा पडलेला चोथा कचऱ्याच्या गाडीची वाट बघत फाटकाशी पडून राहतो. आमचा कूलर उतरवला तेव्हा त्याच्या मागे भिंतीला टेकलेलं एक खोकं दिसलं. त्यावर तुमच्या आजोबांच्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'निहार आणि इरा यांचे यंत्र. उन्हात ठेवू नये.' ज्या माळ्यावर मे महिन्यात हात टेकवत नाही, तिथे ते इतकी वर्षं ठेवलेलं होतं.

मी ते जिन्याखालच्या सावलीत आणून उघडलं आणि पदर नाकाला लावला. झुरळांचा वास तुम्हाला आता आठवत नसेल. तेलकट, गोडसर, खवट खोबऱ्यासारखा वास असतो तो. टीव्हीला जोडून खेळायच्या त्या यंत्राच्या जाळीतून झुरळांची वाळलेली अंडी पडली, पाय पडले, पंखांचे तपकिरी पापुद्रे पडले. कंट्रोलरच्या बटणांभोवती काळा चिकट थर बसला होता आणि त्यात मुंग्या रुतून मेल्या होत्या. आयुष्यभर मी रोज सकाळी हे घर फिनाइलने पुसून घेतलं. आणि माझ्या डोक्यावर, माळ्यावर, हे असं चाललं होतं. मला शिसारी आली.

तळाशी एक काळी, हलकी, कागदाच्या बोळ्यासारखी वस्तू होती. माझी धाकटी जाऊ शकू, तुमची शकूआजी, खालच्या मजल्यावरून झाडू घेऊन आली होती. तिने ती वस्तू दोन बोटांत धरून उजेडात पाहिली.

"ताई, हा कांदा आहे वं."

"टाक तो."

"भाऊजींनीच ठेवला असन. यंत्रासोबत कांदा अजून कोण ठेवते?" ती म्हणाली, आणि टाकला मात्र नाही. जिन्याच्या पायरीवर ठेवून दिला.

मी खोक्याचा, आतल्या यंत्राचा आणि खेळांच्या तबकड्यांच्या दोन डब्यांचा फोटो काढून आपल्या घरच्या ग्रुपवर टाकला. काही लिहिलं नाही. ग्रुपवर तुमच्यापैकी कोणीच उत्तर दिलं नाही. मग एका तासाच्या आत तुम्ही दोघांनी मला वेगवेगळे निरोप पाठवले. निहार, तू एडमंटनहून लिहिलंस: आजी, निळी डबी माझी, तेवढीच पाठव, दुसरी टाकून दिली तरी चालेल. इरा, तू बॉस्टनहून लिहिलंस: आजी, लाल माझी, आणि खरं सांग, माझाच खेळ चांगला होता ना. एकाने दुसऱ्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

तुम्ही मामे-आतेभावंडं. निहार माझ्या मुलीचा, इरा माझ्या मुलाची, वयात जेमतेम सहा महिन्यांचं अंतर. आजोबा गेल्यापासून तुमचं बोलणं बंद आहे. कशावरून, ते मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला माहीत आहे आणि मला त्यात कोणाची बाजू घ्यायची नाही. मला एवढंच माहीत आहे की आजोबांच्या वर्षश्राद्धाला निहार आला आणि इरा यायच्या आदल्या दिवशी परत गेला. मी वडे दोनदा तळले. 

म्हणून मी ठरवलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं. कोणाचा खेळ चांगला, हे तपासून सांगायचं. मी आयुष्यभर मुलींच्या इंग्रजीच्या वह्या तपासल्या आहेत. दोन उत्तरं शेजारी ठेवून कुठलं सरस हे सांगता येतं मला.

बाहेर पंचेचाळीस अंश तापमान आणि घरात बर्फावरची हॉकी. हे दृश्य कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. दरवर्षी मे महिन्यात तुम्ही यायचात. विमानतळावरून घरी येईपर्यंत तुमचे चेहरे टोमॅटोसारखे झालेले असायचे, आणि पहिल्याच दुपारी हातातल्या पिशवीतून कपड्यांत गुंडाळलेलं यंत्र निघायचं. तिकडची वीज आणि आपली वीज वेगळी, म्हणून आजोबांनी सीताबर्डीच्या गल्लीतून विजेचा दाब उतरवणारा एक जड ठोकळा आणला होता. तो सबंध दुपारभर घूं घूं करायचा. त्यावर कूलरचा आवाज. त्यावर टीव्हीतल्या हजारो माणसांचा कल्ला. त्या कल्ल्यात पलीकडच्या खोलीत मी डोक्यावर उशी दाबून पडलेली असायचे.

वरच्या खोलीचा वास मी डोळे मिटून अजून ओळखीन. आधी ओल्या वाळ्याचा, छान. मग त्याच्या मागून हळूहळू कूलरच्या टाकीतल्या शिळ्या पाण्याचा. मग तुमच्या मोज्यांचा, कारण बर्फावर अनवाणी खेळत नाहीत म्हणून तुम्ही नागपूरच्या उन्हाळ्यात घरात लोकरी मोजे घालून बसायचात. आणि सगळ्यावर कैरीचा. शकूआजी कैरीच्या फोडींना मीठ आणि भिवापूरच्या मिरचीचं तिखट लावून ताटली तुमच्यामध्ये ठेवायची. तुम्ही तीच बोटं चाटून त्याच बोटांनी बटणं दाबायचात. बटणांवरचा तो काळा थर म्हणजे वीस वर्षांपूर्वीची कैरी, तिखट, पन्हं आणि तुमची लाळ आहे. मी तो काल चाकूच्या टोकाने खरवडला. मला तुमची आठवण आली असं म्हणायला हवं. मला ओकारी आली.

कांद्याची गोष्ट इराला कदाचित आठवत असेल. त्या वर्षी खेळताखेळता चित्र थांबलं. सगळे खेळाडू हवेत अडकले, एकाची काठी वर, एकाचं तोंड उघडं. यंत्राला हात लावला तर तवा. तुमचे आजोबा दारात उभे होते, डोक्याला दुपट्टा बांधून, बँकेतून आलेले. त्यांनी यंत्रावर तळहात ठेवला, जसा तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात.

"याले लू लागली," ते म्हणाले.

"आजोबा, मशीनला लू लागत नाही," निहार म्हणाला.

"काहून नाही? तुले लागते, मले लागते. हे तर तिकडून बर्फातून आलेलं पोट्टं आहे."

बाहेर जाताना ते स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात कांदा ठेवायचे, लू म्हणजे उन्हाची झळ लागू नये म्हणून. नागपुरात ही पद्धत अजून आहे. तो कांदा त्यांनी खिशातून काढून यंत्रावर ठेवला आणि यंत्र उचलून कूलरच्या तोंडाशी नेलं. ओली हवा थेट आत. नागपूरकरच अशी चूक करू जाणे; इथे माणूस असो, माठ असो, मशीन असो, तापलं की कूलरसमोर. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू झालं. ते निवल्यामुळे झालं हे मला कळत होतं. पण तुमच्या लेखी ते कांद्याने झालं. तेव्हापासून रोज सकाळी टोपलीतला एक कांदा वर जायचा आणि रोज संध्याकाळी तो घामट, कोमट, तिखटाच्या बोटांचे ठसे असलेला कांदा माझ्या ओट्यावर यायचा, आमटीत घालायला. मी तो कधीही घातला नाही. तुम्हाला वाटत राहिलं की आपण यंत्राचा कांदा खातो.

आता खेळांबद्दल.

इराची लाल डबी म्हणजे आरडाओरडा. खलबत्त्यात मिरची कुटावी तशी ती बटणं कुटायची. खेळातली रबराची चकती कुठे आहे हे बघायची तिला गरज वाटत नसे. समोर जो माणूस दिसेल त्याला कठड्यावर आपटायचं, एवढंच. मग ते दोघं हातमोजे फेकायचे, एकमेकांच्या सदऱ्याची गळपट्टी धरायचे आणि ठोसे मारायचे. आणि प्रेक्षक आनंदाने उभे राहायचे. एकाच्या नाकातून रक्त यायचं आणि पांढऱ्या बर्फावर त्याचे थेंब पडायचे. हे थेंब खेळ संपेपर्यंत तसेच राहत. कोणी पुसायला येत नसे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला पन्ह्याचा पेला तसाच घेऊन परत खाली गेले. समालोचक एकच, त्याचं इंग्रजी अत्यंत गावठी, आणि त्याच्याकडे वाक्यं पाचसहाच. 'ही स्कोअर्स', म्हणजे गोल झाला, हे शकूला पाठ झालं होतं. गच्चीवर कुरड्या घालताना साच्यातून एखादी धोतरावर नीट पडली की ती ओरडायची, "ही स्कोअर्स." अजून ओरडते.

निहारची निळी डबी म्हणजे सभ्यपणा. तिच्यात उजव्या अंगठ्याने काठी स्वतः फिरवावी लागे, सुईत दोरा ओवावा तशी हळूच. बोलायला दोन शांत गृहस्थ होते आणि त्यांची विशेषणं जागच्या जागी असत. निहार पाठ ताठ ठेवून खेळायचा, मांडीवर टॉवेल टाकून. त्याच्या बर्फावर खेळाडूंच्या चाकूसारख्या बुटांच्या रेषा उमटायच्या, दाट होत जायच्या, आणि मध्यंतर झालं की एक मोठी चौकोनी गाडी यायची. ती संथपणे लंबगोल फेऱ्या घालायची. तिच्या मागे सगळ्या रेषा पुसून जायच्या आणि ओला, काळसर, चकचकीत बर्फ उरायचा. त्या सगळ्या प्रकारात मला आवडलेली गोष्ट ही एकच. आजोबा तिला 'सारवणारी गाडी' म्हणायचे. मध्यंतर आलं की निहार जिन्यातून हाक मारायचा, "आजी, गाडी आली." आणि मी हातातलं काम टाकून वर यायचे. एखादी बाई स्वच्छ अंगण बघायला शेजारी जाते, तशी.

इराच्या डबीत गाडी नव्हती. ती म्हणायची, "गाडी कशाला पाहिजे? बर्फ घाण झाला तर होऊ दे ना." ह्या वाक्यावर मी त्या वेळीच निकाल देऊन टाकला होता. निळी डबी चांगली, लाल वाईट.

मग आजोबांनी घरातच गाडी आणली. दुपारी चारला वरच्या खोलीची फरशी पाण्याने भिजवायची, म्हणजे जरा गारवा येतो. ते काम माझं होतं. एके दिवशी त्यांनी माझ्या हातून पोछा घेतला. ज्या माणसाने जेवल्यावर स्वतःचं ताट कधी उचललं नाही, तो माणूस काठीला फडकं गुंडाळून, गाल फुगवून घुर्र आवाज काढत, फरशीवर लंबगोल फेऱ्या घालत होता. तुम्ही दोघं पलंगावर उभे राहून टाळ्या वाजवत होतात. त्यांच्या धोतराचा सोगा गढूळ पाण्यात लोळत होता. कोपरे सगळे कोरडे राहिले. दाराशी घाण ढकलून तशीच ठेवली. मी नंतर सगळं पुन्हा पुसलं. पुढे रोज ते पुसायचे आणि रोज मी पुन्हा पुसायचे. आता मी एकदाच पुसते.

भांडणाची रीत मात्र आजोबांनी लाल डबीतून उचलली. त्या खेळात मारामारी केली की दोघांनाही बाहेर काढून पाच मिनिटं बसवतात. दोन संघांच्या दोन खोक्यासारख्या खोल्या असतात, मध्ये काच. हा त्याच्या खोलीत, तो त्याच्या. आपल्या घरी आजोबांची बदलीच्या नोकरीतली हिरवी लोखंडी पेटी होती, वरच्या खोलीत खिडकीखाली. ती शिक्षेची पेटी झाली.

तिखटाची दुपार आठवते? दोन्ही डब्यांची आळीपाळी ठरलेली असायची, आणि त्या दिवशी निळ्या डबीची पाळी होती. निहार जिंकत आला होता. त्याने डोळ्यावरचे केस मागे सारले आणि एकदम कंट्रोलर टाकून डोळे चोळत किंचाळायला लागला. मी धावत वर गेले. त्याचा डोळा लालबुंद, नाक वाहतंय, नाकातलं मोज्याला पुसतोय.

"तिने माझ्या कंट्रोलरला तिखट लावलं," तो रडत म्हणाला.

"मी नाही लावलं. तो घाणेरडा आहे, तो हात धूत नाही," इरा म्हणाली. तिच्या ओठांभोवती तिखटाची लाल मिशी होती.

शकू दारातून म्हणाली, "अवं पण भिवापूरचंच तिखट आहे ना? मंग लागणारच. आमचं तिखट काय शोभेचं आहे का?"

आजोबांनी आधी निहारचा डोळा माठातल्या पाण्याने धुतला. मग घड्याळ मनगटावरून काढून हातात धरलं.

"दोघंही पेटीवर. पाच मिनिटं."

"पण आजोबा, ती..."

"तिचं तिले मालूम. तुयं तुले मालूम. मले फक्त घड्याळ मालूम. बसा."

पेटी लोखंडाची, खिडकीखालची, मे महिन्यात तापलेली. तुम्ही एकमेकांकडे पाठ करून बसलात. निहार हुंदके देतोय, इरा भिंतीकडे बघतेय. चटके बसत होते म्हणून दोघंही चुळबुळ करत होतात, आणि पेटीचं पातळ झाकण एकाने हललं की दुसऱ्याच्या खाली 'टण' वाजायचं. टण. मग तिकडून टण. मला वाटतं इराने मुद्दाम एकदा वाजवलं. निहारने उत्तर दिलं. पाच मिनिटं व्हायच्या आधीच पेटीवर ताशा सुरू झाला होता. आजोबा घड्याळाकडेच बघत होते. वेळ झाल्याशिवाय त्यांनी उठू दिलं नाही, आणि वेळ झाल्यावर तुम्ही उठायला तयार नव्हतात.

काल मी आणि शकूने यंत्र जोडलं. माझ्या नव्या टीव्हीला त्या तीन रंगांच्या वायरी लागत नाहीत. शकूच्या जुन्याला लागल्या. ठोकळा घूं घूं करू लागला. मी यंत्र आतून ब्रशने, बाहेरून स्पिरिटने पुसलं होतं, तरी ते तापल्यावर आत राहिलेली झुरळं भाजायला लागली. जळक्या केसांसारखा वास खोलीत भरला.

"ताई, हे तर शिजून राहिलं," शकू नाकाला पदर लावून म्हणाली. तरी उठली नाही.

लाल डबी आधी लावली. बटणं कुठली कशाची, आम्हाला काही कळेना. शकू सगळी एकदम दाबत होती. थोड्याच वेळात तिच्या माणसाने माझ्या माणसाला कठड्यावर नेऊन आपटलं आणि हातमोजे फेकले.

"आता काहून मारून राहिला हा?"

"तू दाबतेयस म्हणून."

"मी कुठं काय केलं? तुमचाच मधात आला."

ठोसे सुरू झाले. तेच प्रेक्षक, तोच आनंद, तोच गावठी समालोचक. माझ्या माणसाच्या नाकातून रक्त आलं आणि बर्फावर तीन थेंब पडले. मला अजूनही तितकीच घाण वाटली, एका थेंबाने कमी नाही. मग दोघांना ओढून नेऊन आपापल्या काचेच्या खोलीत बसवलं. कोपऱ्यात घड्याळ उलटं धावायला लागलं. मी खेळायचं सोडून तेच बघत बसले. शून्य झालं. दार उघडलं. माझा माणूस बाहेर उडी मारून आला, शकूचाही आला, आणि दोघं त्याच रक्ताच्या थेंबांवरून घसरत चकतीमागे धावले. कोणाच्या मनात काही नव्हतं. बर्फ घाण होता आणि खेळ चालू होता.

नंतर निळी लावली. किती सुंदर होता तो बर्फ. सभ्य गृहस्थ बोलत होते. शकूला उजव्या अंगठ्याची काठी जमेना म्हणून मला जिंकणं सोपं गेलं. मी मात्र एक गोष्ट पूर्वी कधी पाहिली नव्हती, कारण मी फक्त गाडी आली की वर यायचे. निळ्या डबीत कोणी ठोसे मारत नाहीत. कोपर मारतात. कठड्याजवळ, चकती दूर असताना, पंचाची पाठ असताना, एक जण दुसऱ्याच्या बरगडीत हळूच कोपर घुसवतो आणि दोघंही आपापल्या बाकाकडे सरळ निघून जातात. एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. शिट्टी वाजत नाही, घड्याळ लागत नाही. मग गाडी येते आणि सगळ्या रेषा पुसते. बर्फ आरशासारखा होतो. आणि कोपर बरगडीत तसंच राहतं.

शकू म्हणाली, "हे बरं आहे वं. आपल्या ग्रुपावर पोट्टे असेच बोलतात ना?"

मी टीव्ही बंद केला.

ती खरं बोलली होती. इराच्या वाढदिवसाला निहार ग्रुपवर गुलाबाचं चित्र टाकतो. निहारच्या वाढदिवसाला इरा केकचं. तुम्ही दोघंही 'धन्यवाद' लिहिता. दिवाळीला पणत्या, संक्रांतीला तीळगूळ. एक अक्षर कुठे वावगं नाही, एक डाग नाही. बाहेरचा कोणी बघेल तर म्हणेल, किती गुणी भावंडं आहेत. मी ते गुलाब बघते आणि मला जी किळस येते ना, ती मला झुरळांचीही आली नाही.

तेव्हा माझा निकाल लिहून घ्या. दोन्ही खेळ किळसवाणे आहेत. दोन्हींत धडधाकट माणसं एका रबराच्या चकतीसाठी एकमेकांना इजा करतात आणि लोक टाळ्या वाजवतात. निळ्या डबीचं चित्र चांगलं, भाषा चांगली, काठी चांगली, आणि गाडी तर फारच चांगली. इतकी वर्षं मी तिला पहिला नंबर दिला होता. तो मी काढून घेते आहे. लाल डबी गलिच्छ आहे, पण तिच्यात शिक्षेचं घड्याळ धावतं आणि शून्य झालं की दार उघडतं. इरा, तू जिंकलीस असं समजू नकोस. तुझ्या आवडत्या खेळाचा हा नियम तू स्वतः पाळलेला नाहीस. निहार, तूही हुरळून जाऊ नकोस. तू तर कोपर मारून बाकावर बसलेला आहेस, मांडीवर टॉवेल टाकून.

डब्या मी पाठवणार नाही. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरी, असं तर मुळीच नाही. दोन्ही एकाच पिशवीत घालून, यंत्रासोबत, खोक्यात ठेवल्या आहेत. खोकं माळ्यावर परत गेलेलं नाही, वरच्या खोलीत आहे. शकूने टोपलीतला एक कांदा त्यावर ठेवला. मी तिला म्हटलं, हा वेडेपणा आहे, बंद यंत्राला कसली लू. ती म्हणाली, "राहू द्या ना ताई. पोट्टे आले की विचारतीन." म्हणून राहू दिला आहे. सडायच्या आत बदलायला तिला सांगितलं आहे.

वाळ्याच्या नव्या ताट्या एप्रिलमध्ये लागतील. गच्चीवर कुरड्यांचं धोतर पसरायला सुरुवात होईल. तुम्हाला मे महिन्यात सुटी मिळत नाही हे मला माहीत आहे. मोठ्या माणसांना मिळत नाही, घ्यावी लागते. येताना एकाच विमानाने या असा माझा आग्रह नाही. वेगवेगळे या. पण ह्या वेळी एकाने दुसऱ्याच्या येण्याआधी जायचं नाही. मी वडे एकदाच तळणार आहे.

आजोबांचं घड्याळ मी काल किल्ली देऊन पाहिलं. चालतं. तुमच्या खेळात दोन पेट्या असतात आणि मध्ये काच असते. आपल्या घरी पेटी एकच होती, आणि तीच आहे, खिडकीखाली. तुम्ही यायचं थांबल्यापासून तिच्यावर जास्तीच्या गाद्यांची चळत होती, छताला टेकलेली. आज सकाळी मी आणि शकूने त्या सगळ्या गाद्या खाली उतरवल्या. पेटीवर धुळीचा जाड थर होता, त्यात पालीची लेंडी, मेलेले किडे. मी पाणी घेऊन पुसलं, कोरड्या फडक्याने पुन्हा पुसलं. मध्ये जरा पोचा आला आहे, पण झाकण अजून वाजतं. शकूने वाजवून पाहिलं.

आता त्या पेटीवर मी काही ठेवत नाही.